विजेच्या चोरवाटा

सप्लायची तार काढून टाकली, तरी सेन्सर तापमान सांगतच राहिला.

कांदाचाळीत टांगायचं छोटंसं सर्किट होतं ते. उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत टिकवायचा, तर चाळीतल्या उकाड्यावर आणि दमटपणावर नजर हवी. तासातून एकदा जागं व्हायचं, मोजायचं, नोंदवायचं आणि पुन्हा झोपायचं. झोपताना सेन्सरचा सप्लाय ट्रान्झिस्टरने बंद करायचा. सीआर2032 या बटणसेलमध्ये साधारण 220 मिलिअँपिअर-तास असतात. झोपेत 5 मायक्रोअँपिअर लागले तर हिशेब पाच वर्षांचा. 300 लागले तर जेमतेम महिन्याचा. मीटर तीनशेच्या पुढे होता. लाल एलईडी तर आधीच उपटलेला. (तयार बोर्डांवरचे हे दिवे मला अजिबात आवडत नाहीत. रात्रंदिवस जळायचं, ते कुणासाठी?)

चिपच्या बहुतेक पिनांना आतून डायोड लावलेले असतात. आपल्या बोटांतून उडणाऱ्या ठिणगीने चिप मरू नये, म्हणून. त्यांतला एक पिनकडून सप्लायकडे जातो. इथे डेटाच्या दोन्ही तारा 4.7 किलोओहमच्या पुल-अप रेझिस्टरनी थेट सेलला बांधलेल्या होत्या. दाराला कुलूप, पण खिडकी सताड उघडी. वीज डेटाच्या पिनमधून डायोडवाटे आत शिरत होती आणि सेन्सर त्यावरच जगत होता.

हे दिसलं की मला केंब्रिज आठवतं. 26 एप्रिल 1985. एकॉर्न कंपनीत पहिली एआरएम चिप बनून आली. सोफी विल्सन यांनी तिच्या आज्ञावलीची रचना केली होती आणि स्टीव्ह फर्बर यांनी अंतर्गत बांधणी. सगळ्या प्रोसेसरचं प्रतिरूप आधी बीबीसी बेसिकमध्ये लिहून पाहिलं होतं. माणसं मोजकी, ट्रान्झिस्टरही जेमतेम पंचवीस हजार. स्वस्त प्लास्टिकच्या आवरणात बसवायची तर चिप एका वॉटच्या आत राहायला हवी होती, आणि तेव्हाच्या साधनांनी हे आधी नेमकं सांगता येत नव्हतं. म्हणून हात राखून, काटकसरीने सगळं आखलेलं. चिप बोर्डावर बसवली, ती पहिल्याच फटक्यात चालली. मग ती किती वीज खाते हे बघायला सप्लायच्या वाटेत मीटर लावला. मीटरवर शून्य. प्रोग्रॅम चाललेला आणि मीटरवर शून्य! शोधल्यावर कळलं, बोर्डातल्या दोषामुळे चिपला सप्लाय पोचलेलाच नव्हता. शेजारच्या चिप्सकडून सिग्नलच्या पिनांतून जी वीज आत झिरपत होती, तेवढ्यावर अख्खा प्रोसेसर गणितं करत होता. आज कोट्यवधी खिशांत आहे ते हेच घराणं. मला मात्र त्याच्या यशापेक्षा ते शून्य जास्त आवडतं. कोणी ‘मीटर बिघडला असेल’ म्हणून सोडून दिलं नाही, तार धरून मागे जात राहिले.

आमच्या सर्किटचा उपाय साधा होता. पुल-अप सेन्सरच्या, म्हणजे बंद होणाऱ्या बाजूला नेले आणि झोपण्याआधी मायक्रोकंट्रोलरच्या डेटाच्या पिना खाली ओढल्या. आकडा एकेरीत आला. काट्याचा मीटर असता तर ते पडणं बघायला आणखी मजा आली असती. डिजिटल आकडे नुसते बदलतात, काटा उतरताना दिसतो.

जुलैत आकडा पुन्हा चढला. पावसाळ्यात चाळीची हवा ओली, आणि सोल्डरिंगनंतर पिनांमध्ये राहिलेला फ्लक्स ती ओल धरून ठेवतो. त्या चिकट थरातूनही वीज वाट काढते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन पाट्या घासायच्या, पूर्ण वाळवायच्या आणि वरून वार्निशचा हात द्यायचा. त्याआधी सेन्सरच्या टोपणावरचं बारीक छिद्र टेपने झाकायला हवं. वार्निशने ते बुजलं, तर बाहेरचा दमटपणा त्याच्यापर्यंत पोचायचाच नाही.