रुईच्या पानांच्या रंगाची खोली

गावाहून येताना आपण काजू आणतो, कोकम आणतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पणजीहून येताना मी एक रंग आणला!

कोल्हापूरहून एस.टी.नं निघालो, तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना उजेड खुपायचा. डॉक्टरांना दाखवलं, तर डोळे ठीक होते. पण त्यांची खोली पश्चिमेची, आणि आम्ही ती हौसेनं पांढऱ्या चकचकीत ऑइलपेंटनं रंगवलेली. दुपारी भिंतीवर ऊन आलं, की त्या पडदे ओढून अंधारात बसत. पोथी सुटली होती, बोलणंही कमी झालं होतं.

पणजीत फोंताइनास ही जुनी वस्ती आहे. १८४३ साली पणजी पोर्तुगीज गोव्याची राजधानी झाली, त्या काळाच्या खुणा इथं अजून दिसतात. अरुंद गल्ल्या, लाल कौलं, पिवळ्या-निळ्या-विटकरी भिंती आणि खिडक्यांभोवती पांढरी पट्टी. पांढरा रंग चर्चचा, म्हणून घरं रंगीत, असं तिथं सांगतात.

आम्ही उतरलो त्या जुन्या घराची खोली मात्र आतून फिकी. धड हिरवी नाही, धड राखाडी नाही. सासूबाई भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं, हा तर रुईच्या पानांचा रंग!" मारुतीसाठी त्यांनी जन्मभर रुईच्या माळा केलेल्या, त्यांना बरोबर ओळखू आला. त्या दुपारी त्या खिडकी उघडी टाकून रस्ता बघत बसल्या. "इथं डोळ्यांना गार वाटतं," म्हणाल्या.

घरी आल्यावर विषय काढला. "आत्ताच तर रंग दिलाय!" हे म्हणाले. माझ्या अर्धवेळ शाळेच्या पगारातले पैसे मी पुढे केले. घराच्या रंगाबद्दल मी पहिल्यांदाच हट्ट धरला होता.

तुम्हालाही असा रंग द्यायचा असेल, तर आमचा अनुभव सांगते. शेडकार्डावरचा तुकडा बघून ठरवू नका. चारी भिंतींवर रंग जास्त गडद वाटतो. दोन फूट चौकोन रंगवून तो सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात बघा. पिवळसर दिव्याखाली तो उबदार दिसतो, पांढऱ्या दिव्याखाली राखाडी. भिंतीला ओल असेल तर आधी गळती काढा, भिंत पूर्ण वाळू द्या. नाहीतर पोपडे निघतील. ऑइलपेंटवर तसाच रंग धरत नाही. आधी काचकागदानं घासून प्रायमर द्यावा लागतो. आणि चकाकी नसलेला रंगच मागा. आमच्या खोलीत खरा फरक त्यानंच पडला. छत पांढरं ठेवा. लाल कोब्याची जमीन असेल तर फारच छान; लालाशेजारी हिरवा रंग खुलून दिसतो.

रंगाला औषध म्हणायचं नाही मला. पण परवा चारला शाळेतून आले, तर पडदा बाजूला सारलेला. पोथी मांडीवर. चपला काढते न काढते तोच आतून हाक आली, "आलीस का गं? चहा टाक, मला पण घोटभर."