कंपायलरची हरकत नसते

सी भाषेतला प्रोग्रॅम आपल्याकडच्या विद्यार्थ्याने लिहिला आहे, हे बहुतेक वेळा पहिल्या चार-पाच ओळींतच कळतं. वर ‘कोनिओ’ नावाची हेडर फाइल, मेनच्या आधी व्हॉइड, सगळी व्हेरिएबल्स एकगठ्ठा डोक्यावर, मग स्क्रीन पुसण्याची ओळ आणि शेवटी कुठलीतरी कळ दाबली जाण्याची वाट बघणारं फंक्शन. मीरा रोडला शांतीनगरमध्ये रविवारी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या जर्नलमध्ये मला हा साचा हमखास दिसतो. आजची सी भाषा यातलं काहीही मागत नाही.

हा साचा टर्बो सीचा. बोरलँड कंपनीचा हा कंपायलर डॉसच्या जमान्यातला. त्याच्या निळ्या एडिटरमधून प्रोग्रॅम चालवला की मागच्या खेपेचं आउटपुट पडद्यावर तसंच असायचं, म्हणून आधी पडदा पुसायचा. प्रोग्रॅम संपताक्षणी पुन्हा निळा एडिटर समोर यायचा आणि उत्तर दिसायच्या आत गायब व्हायचं, म्हणून शेवटी कळीसाठी थांबायचं. व्हेरिएबल्स वर लिहायची, कारण १९८९च्या मानकात ती ब्लॉकच्या सुरुवातीलाच जाहीर करणं भाग होतं. ही अट १९९९च्या मानकाने काढून टाकली. इंटिजर दोन बाइटचा, ३२,७६७च्या पुढे त्याची मजल नाही. त्यामुळे ८चं फॅक्टोरिअल काढायला जावं तर ४०,३२०ऐवजी उणे २५,२१६ हाती यायचं आणि सर ‘लाँग’ वापरायला सांगायचे. आज मुलांच्या लॅपटॉपवर इंटिजर चार बाइटचा आहे, १२च्या फॅक्टोरिअलपर्यंत बिनघोर चालतो. तरी ‘इंटिजर किती बाइटचा?’ असं विचारलं की झटकन ‘दोन’ म्हणणारी मुलं अजून भेटतात.

याला मी अज्ञान म्हणणार नाही. प्रत्येक ओळीमागे कधीकाळी कोणीतरी अडचणीवर शोधलेला नेमका उपाय आहे. अडचण गेली आणि उपाय जर्नलमधून पुढच्या बॅचकडे, तिथून त्याच्या पुढच्या बॅचकडे उतरत राहिला. सर्टिफाइड जर्नलमध्ये होतं तसंच लिहिलं की सही मिळते, वेगळं लिहिलं तर प्रश्न विचारले जातात. मग वेगळं लिहिणार कोण? ६४ बिटांच्या विंडोजवर ते जुनं १६ बिटांचं सॉफ्टवेअर चालत नाही, म्हणून मुलं डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स टाकतात आणि त्यात टर्बो सी चालवतात. सवय जपण्यासाठी तिच्याभोवती अख्खा जुना संगणक उभा करायचा, इतकी ताकद सवयीत असते.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ हातात धरून आपल्याकडची केवढी तरी मुलं सी शिकली. भाषेचं अधिकृत मानक उघडून बघितलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटला. भाषा शिकायची ती पुस्तकातून, सरांकडून, सीनियरच्या वहीतून. त्यात गैर काही नाही, माणूस सगळ्या भाषा असाच शिकतो. पण मग भाषेत काय काय आहे यापेक्षा आपल्या माणसांत काय चालतं, हेच आधी अंगवळणी पडतं. भाईंदर लोकलच्या सेकंड क्लासमध्ये बाक तिघांचा असतो आणि चौथा अर्धवट टेकतो. रेल्वेच्या कुठल्याही नियमात नसलेली ही चौथी सीट मागणाऱ्याला सहसा नाकारली जात नाही. कंपायलरचंही तसंच आहे. तो फक्त बाक बनवतो, त्यावर कोणी कसं बसायचं हे डब्यातली माणसं ठरवतात.

गोटूची, म्हणजे प्रोग्रॅमला थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणाऱ्या आज्ञेची, गोष्ट मला यासाठीच फार मोलाची वाटते. मार्च १९६८मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा यांचं गोटूविरुद्धचं पत्र छापून आलं. त्याचा गाजलेला मथळा त्यांचा नव्हे, संपादक निकलाउस विर्थ यांचा. मथळा जगभर पोचला, युक्तिवाद त्या मानाने थोड्यांनीच वाचला. १९७४मध्ये डोनाल्ड कनुथ यांनी सविस्तर लेख लिहून गोटू कुठे खरोखर उपयोगी पडतो हे दाखवलं, पण तोवर वर्गावर्गातून तो शब्दच निषिद्ध ठरू लागला होता. जावा आली तेव्हा तिने गोटू हा शब्द राखून ठेवला, पण कोणालाच वापरू दिला नाही. आणि त्याच वेळी लिनक्सच्या गाभ्यात गोटू राजरोस नांदतो! एखादं फंक्शन मध्येच फसलं तर तोवर घेतलेली मेमरी, लावलेली कुलपं उलट्या क्रमाने सोडून बाहेर पडायचं असतं. सी भाषेत त्यासाठी वेगळी सोय नाही, म्हणून शेवटी एक लेबल ठेवून तिथे गोटूने उडी मारायची. लिनक्सच्या लेखनशैलीच्या नियमांत हे कारणासकट लिहून ठेवलं आहे. एका घरात पाप, दुसऱ्या घरात शिस्त, आणि शब्द तोच. फरक इतकाच की दुसऱ्या घरात कारण शाबूत आहे.

कारण हरवलं की काय होतं, हे मुंबईतल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी फार जवळून पाहिलं. कोबोलमध्ये वर्षासाठी चार अंकांची जागा ठेवायला भाषेची कधीच आडकाठी नव्हती. पण ऐंशी रकान्यांच्या पंचकार्डावर दोन रकाने वाचवणं हा तेव्हा शहाणपणा होता. कार्डं गेली, डिस्क स्वस्त झाल्या, वर्षाचे दोनच आकडे राहिले, आणि २००० साल दारात येऊन उभं ठाकलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अंधेरीच्या सीप्झमध्ये जाणाऱ्या माझ्या आधीच्या पिढीने दुसऱ्यांच्या जुन्या सवयी निस्तरण्यात रात्री घालवल्या. धंद्याला त्या कामाने मोठा हात दिला हे खरंच. पण तितकी हुशार डोकी आकडे रुंद करण्यात गुंतून पडली, याची मला अजून हळहळ वाटते.

मी आता जावात काम करतो. २०१४च्या मार्चमध्ये जावा ८बरोबर लूपऐवजी वापरता येणाऱ्या लॅम्डा आणि स्ट्रीम आल्या, तेव्हा कोड रिव्ह्यूमध्ये त्यांच्यावर बराच काळ लाल शेरे पडत. मध्यरात्री प्रॉडक्शनमध्ये काही बिघडलं तर साधा लूप ओळीओळीने तपासता येतो, हे सीनियरांचं म्हणणं रास्तच होतं. त्यांनी ते म्हणणं कुठे लिहून ठेवलं नाही, एवढंच.

आमच्या टीमच्या नियमांच्या फाइलमध्ये आता प्रत्येक नियमापुढे कारण आणि तारीख असते. अलीकडे नव्याने आलेल्या एका मुलीने विचारलं, ‘सर, आपल्याकडे व्हार का चालत नाही?’ २०१८मध्ये जावा १०ने दिलेली ही सोय. तिच्यामुळे व्हेरिएबलचा टाइप लिहावा लागत नाही, कंपायलर तो ओळखतो. फाइल उघडली. पुढे लिहिलं होतं : क्लायंटचा सर्व्हर अजून जावा ८वर आहे. तो सर्व्हर केव्हाच बदलला होता. तिनेच ती ओळ काढून टाकली आणि बदल रिव्ह्यूला पाठवला.