पाणी किती वाजता येते?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची भाची आणि तिचे दुल्हेमियाँ चार दिवसांसाठी आमच्याकडे आले. निकाहला जेमतेम तीन महिने झालेले. दुल्हेमियाँना शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली होती आणि दोघांना खेडहून इथे येऊन संसार मांडायचा होता. पगार बावीस हजार. भाचीने मोबाइलवर बारा घरे शोधून ठेवली होती. भाडे, डिपॉझिट, मजला, फरशीचा रंग, सगळे तिने एका वहीत ओळीने लिहिले होते. वही पाहून आम्हाला कौतुक वाटले. मग आम्ही विचारले, "यातल्या कोणत्या घरात पाणी किती दिवसांनी येतं? आणि किती वाजता?"

ती हसली. "खाला, पाणी तर येणारच ना!"

बावीस वर्षांपूर्वी कोणी आम्हाला हे विचारले असते, तर आम्हीही असेच हसलो असतो.

२००३ च्या जूनमध्ये आम्ही कोकणातून या शहरात आलो. तेव्हा ते औरंगाबाद होते, आता पाटीवर छत्रपती संभाजीनगर आहे. आमच्यातील एकाला वाळूजच्या एका कारखान्यात फिटरचे काम मिळाले होते, महिना साडेतीन हजार. दुसरीच्या हाती नवी कोरी बी.एड.ची पदवी आणि उर्दू-मराठी शिकवता येईल एवढा भरवसा. घरून निघालो तेव्हा पागोळ्या धो धो गळत होत्या, ट्रंकेवर प्लास्टिक बांधले होते. खेडहून स्वारगेट, तिथून शिवाजीनगर, मग दुसरी एसटी. नगर मागे पडले तसा पाऊसही मागे राहिला. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इथे सातशेच्या आसपास. हे आम्ही भूगोलात शिकलो होतो. पण घर शोधताना कोणाला भूगोल आठवतो?

पहिले घर नव्या वसाहतीत पाहिले. गेटवर "भाड्याने देणे आहे" अशी पाटी होती. मालकांनी चहा विचारला, खोल्या दाखवल्या, मग नाव विचारले. नाव ऐकल्यावर त्यांना आठवले की खोली कालच एकांना देऊ केली आहे. दुसरे घर जुन्या शहरात, आपल्याच लोकांत पाहिले. तिथे नाव चालले, पण गाव आडवे आले. "कोकनी? कोकनी लोगाँ मछली भोत पकाते. घर में बू बैठ जाती." आमच्या ट्रंकेत अम्मीने दिलेली सुकट आणि बोंबील होतेच, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हते. एकाच दिवशी एका ठिकाणी आम्ही मुसलमान म्हणून नको होतो आणि दुसऱ्या ठिकाणी कोकणी म्हणून. त्या रात्री एका ओळखीच्या घरी ओसरीवर पडल्या पडल्या हसावे की रडावे, ते कळेना.

तिसरे घर रोशन गेटजवळच्या गल्लीत. घरमालकीण विधवा, सत्तरीच्या, सारी गल्ली त्यांना नानी म्हणे. आम्ही आधीच सांगून टाकले, "नानी, आम्ही मासे खातो." त्या म्हणाल्या, "पकाओ ना. हमारे कू भी देना." दुसऱ्या मजल्यावर दोन लहान खोल्या, भाडे सातशे, डिपॉझिट पाच हजार. आम्ही त्याच संध्याकाळी ट्रंक वर नेली. खिडकीतून वारा चांगला येत होता. नळ मात्र तळमजल्यावर, अंगणातल्या हौदावर होता. तो आम्ही पाहिला, पण त्याचा विचार केला नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री अडीच वाजता खालून आवाज आला, "नल आया!" साऱ्या गल्लीत दिवे लागले. सव्वा तास पाणी, तेही वर न चढणारे. बावीस पायऱ्या. दोन हंडे, एक कळशी, दोन बादल्या आणि एक प्लास्टिकचा ड्रम. पुढचे तीन दिवस एवढ्यावरच. कोकणात आम्ही विहिरीवर कपडे धूत असू, तेव्हा पाण्याचा हिशेब कोणी केला नव्हता. इथे तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांना आणि कपड्यांचे पाणी फरशीला वापरायला शिकलो. वजूला एक लोटा पुरतो, हे लहानपणापासून ऐकले होते. तो खरोखर पुरतो, हे या घरात कळले.

पैशांचा हिशेबही असाच. भाडे सातशे, किराणा नऊशे, गॅस दोनशे, दूध अडीचशे, जाण्यायेण्याला दीडशे, घरी पाठवायचे पाचशे. उरलेल्या आठशेत दवाखाना, कपडे, पाहुणे आणि ईद. त्याशिवाय तांदळाच्या डब्यात एका पुडीत सहाशे रुपये वेगळे ठेवलेले. परतीच्या दोन तिकिटांचे. ती पुडी आहे म्हणून आम्ही इथे राहू शकत होतो, असे तेव्हा वाटे.

करमणुकीला पैसे नव्हते, पण पाय होते. रविवारी आम्ही शहर पाहायला निघत असू. शहागंजच्या घड्याळावरून सिटी चौक, तिथून पुढे भडकल दरवाजा, महमूद दरवाजातून पाणचक्की. हे शहर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी गावाच्या जागी वसवले. तो हबशी. गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात होत दख्खनला पोचला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. शहर वसवताना त्याने पाण्याची सोय केली. उत्तरेकडच्या डोंगरातले झिरपणारे पाणी जमिनीखालच्या दगडी-विटांच्या नहरीतून, नुसत्या उतारावर, शहरात आणले. मोट नाही, पंप नाही. ही नहर-ए-अंबरी. तिच्या वाटेवरचे जुने बंब पाहिले की आम्ही थांबत असू. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आधी पाण्याचा विचार केला होता. आम्ही नुसती खिडकी पाहून घर घेतले होते.

पाणचक्कीत तर पाणीच राबत होते. डोंगरातून मातीच्या नळांनी आलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात कोसळते आणि त्याच्या जोरावर जाते फिरत असे. त्यात दर्ग्याला येणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. हौदाच्या तळाखाली मोठे दालन आहे. डोक्यावर पाणी, म्हणून ऐन मे महिन्यातही आत गारवा. तिथे विसावलेले बुजुर्ग बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडून आलेले. त्यांच्या नावातच प्रवास. शहर वसवणारा परदेशी, दुआ देणारा परदेशी. मग कोकणातून आलेल्या आम्ही दोघांनी संकोच का करावा?

कधी बीबी का मकबऱ्यापर्यंत चालत जात असू. दिलरस बानू बेगमची, म्हणजेच राबिया-उद-दौरानीची ही कबर. ताजमहालाचाच नमुना, पण संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला, बाकी चुन्याचा गिलावा. ताजला कोट्यवधी लागले, इथे सात लाखांच्या आसपास भागवले, असे सांगतात. आम्ही एकमेकांना म्हणत असू, "बादशहाच्या घरीही महिनाअखेर येत असेल." आणि दुरून पाहिले तर तो गिलावाही सुंदरच दिसतो.

जानेवारीत शाळेत रजेच्या जागेवर दीड हजारांचे काम मिळाले. बी.एड.ला शिकलेल्या शुद्ध उर्दूवर मुले "हौ मॅडम", "नक्को मॅडम" म्हणत हसत. दोन महिन्यांत आम्हीही घरात "नक्को" म्हणू लागलो. आता स्थिरावलो, असे वाटले, आणि एप्रिल आला.

आमच्याकडे पाळणा हलणार होता. चौथा महिना सुरू असताना एका पहाटे पाणी भरून झाल्यावर रक्तस्राव झाला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले, सहा आठवडे पडून राहायचे, हंडा उचलायचा नाही, जिना चढायचा नाही. एकाची तेव्हा रात्रपाळी, नळ रात्रीच येणारा. एक रात्रपाळी बुडवली की पगार कापला जाई, आणि शाळेचे दीड हजारही आता थांबणार होते. त्या दुपारी आम्ही डब्यातली पुडी काढली आणि ठरवले, प्रवास झेपेल असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या की परत जायचे. हरलो म्हणून नाही, मूल वाचावे म्हणून. अम्मीला फोनवर तसे सांगितलेही.

संध्याकाळी नानी बावीस पायऱ्या चढून वर आल्या. गुडघे धरत, थांबत थांबत. मागे त्यांचा मुलगा, खांद्यावर नव्या प्लास्टिकच्या नळीचे वेटोळे घेऊन. कोणी सांगितले होते, ठाऊक नाही. गल्लीत भिंतीही बोलतात. त्यांच्या घरात एक लहान मोटार होती. मुलगा रात्री नळ आला की ती लावणार आणि आमचा ड्रम आधी भरणार, मग त्यांचा. नानी एवढेच म्हणाल्या, "तू सो. ड्रम भर के रहेगा." आम्ही पुडीतून नळीचे पैसे पुढे केले. त्यांनी हात मागे घेतला. "पानी का हिसाब नक्को करो, बेटा. वो मेरा नईं है."

सहा आठवडे त्या माणसाने आमचा ड्रम आधी भरला. त्याच्या घरात सात माणसे होती. त्यांच्या वाट्याला किती उरत असेल, हे आम्ही तेव्हा विचारले नाही. ती लाज अजून आहे.

पुडीतल्या सहाशे रुपयांतून आम्ही दुसरा ड्रम आणला. परतीचे भाडे संपले. अल्लाहच्या कृपेने सप्टेंबरमध्ये मुलगी झाली, नानींनी तिला मध चाटवला. कोकणातून सुकट आली की पहिला वाटा खाली जाई. पहिल्यांदा त्यांनी नाकाला पदर लावून चटणी खाल्ली. पुढे आमच्याआधी त्याच विचारू लागल्या, "गाँव से कोई आया क्या?" २०१२ मध्ये आम्ही हप्त्यांवर स्वतःचे लहान घर घेतले. २०१९ मध्ये नानी अल्लाहला प्याऱ्या झाल्या.

ही सगळी हकीकत आम्ही भाचीला बसून सांगितली नाही. तिला आणि दुल्हेमियाँना त्याच वाटेने फिरवले. आधी पाणचक्की, मग रोशन गेट. नानींचे घर आता नाही. तिथे तीन मजली इमारत आहे, गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग. हौद बुजवून स्कूटर लावायची जागा केली आहे. गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता. शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, सुमारे पन्नास किलोमीटरवरून, पंपाने चढवून आणावे लागते. आमच्या भागात पाण्याची पाळी आता तिसऱ्या दिवसावर राहिलेली नाही, त्याहून लांबली आहे. शहराची नावे खडकीपासून बदलत आली, तहान बदलली नाही.

रात्री भाचीने वही पुन्हा उघडली. फरशीच्या रंगाच्या रकान्यावर रेघ मारून तिथे लिहिले, "पाणी: किती दिवसांनी, किती वाजता, किती वेळ, कोणत्या मजल्यापर्यंत." दुसऱ्या दिवशी बाराही ठिकाणी फोन केले. पाच जणांनी सरळ उत्तर दिले. "ज्यांनी उत्तर टाळलं त्यांची नावं खोड," आम्ही म्हणालो. दोघांना आणखी चार गोष्टी सांगितल्या. भाडे पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, आणि टँकरचा खर्च भाड्यातच धरा. डिपॉझिटची पावती घ्या, कितीही ओळखीचे असले तरी. पलंग, कपाट पहिल्याच महिन्यात हप्त्यांवर घेऊ नका, जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात फिरा. आणि परतीच्या भाड्याची पुडी जरूर बाजूला ठेवा. ती आपल्याजवळ आहे, एवढ्यानेही रात्री झोप लागते.

त्यांनी तळमजल्याच्या दोन खोल्या घेतल्या. भाडे साडेसहा हजार. फरशी जुनी, खिडकी एकच, पण अंगणात झाकणाचा हौद. रविवारी चौघांनी मिळून जाफर गेटहून एक लोखंडी पलंग, एक टेबल आणि दोन ड्रम आणले. ट्रंकेतून सुकटीचा वास येत होता. घरमालकांना आधीच सांगून झाले होते.

पंधरा दिवसांनी भाचीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, रात्री तीनला पाणी आले, दोन्ही ड्रम भरले. वरच्या मजल्यावर एक नवीन जोडपे राहायला आले आहे, विदर्भातले, त्यांना पाण्याची वेळ माहीत नव्हती. "मी जिना चढून दार वाजवलं, खाला. अर्ध्या रात्री त्यांना राग तर आला नसेल ना?"

आम्ही म्हणालो, "नाही आला. पुढच्या पाळीलाही वाजव."