आधी यादी, मग आकडा

बडोद्यात मुलांना मॅक्सिमा ही संगणकावर बीजगणित करणारी प्रणाली शिकवताना मी पहिल्या तासाला अवकलन-संकलनाला हात लावत नाही. चौकटी कंसात चार चिन्हं लिहून यादी करायला सांगतो. मुलं हिरमुसतात. पण या प्रणालीचं सगळं पोटच याद्यांनी भरलेलं आहे. १९६८ साली एमआयटीत सुरू झालेल्या मॅक्सायमाची ही वंशज. ती लिस्पमध्ये लिहिलेली, आणि लिस्पचा कारभार याद्यांवरच चालतो. ‘अ अधिक ब’ ही बेरीजसुद्धा आत एक यादीच असते: आधी बेरजेची खूण, मग अ, मग ब.

यादी वाढवायची तर ‘कॉन्स’ने पुढून वाढवावी. ‘एंडकॉन्स’ शेवटी भर घालतं खरं, पण त्यासाठी अख्खी यादी नव्याने उतरवून काढतं.

सरावाला मी हेमचंद्राचार्यांचा प्रश्न देतो. बाराव्या शतकात पाटणच्या या जैन पंडितांनी ‘छंदोनुशासना’त मात्रावृत्तांची मोजणी सांगितली आहे. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन; तर ठरावीक मात्रांत लघुगुरूंच्या किती रचना बसतात? मागच्या दोन संख्यांची बेरीज करा: १, २, ३, ५, ८, १३.

नियम पाठ होतो, पण तो का चालतो ते यादी केल्यावर दिसतं. तीन मात्रांच्या प्रत्येक रचनेला पुढून लघू लावा, दोन मात्रांच्या प्रत्येकीला गुरू. दोन्ही याद्या ‘अपेंड’ने जोडा. चार मात्रांच्या पाचही रचना हजर, एकही दुबार नाही. प्रत्येक रचनेला लघू किंवा गुरू लावण्याचं काम ‘मॅप’ एका ओळीत करतं. वीस मात्रांना मात्र ओळीच्या शेवटी अर्धविरामाऐवजी डॉलर टाकावा, नाहीतर १०,९४६ रचना पडद्यावर धो धो कोसळतात.

एवढं झालं की बरीच मुलं ‘लेंग्थ’ विचारून मोकळी होतात. मी त्यांना थांबवतो. यादी हातात आहे तर तिला आणखी विचारा: उलटी वाचली तरी तशीच राहते, अशा रचना किती? ‘रिव्हर्स’ आणि ‘सबलिस्ट’ एवढ्यावर काम भागतं. दोन, चार, सहा, आठ मात्रांना उत्तरं येतात २, ३, ५, ८. पुन्हा त्याच संख्या! कारण शोधायला सूत्र नको, निवडलेल्या रचनांचे मध्य तपासा. काही नेमक्या मधोमध दुभागतात, उरलेल्यांच्या मध्यावर गुरू बसलेला असतो.