माळ्यावरची ट्रंक

सुरतेत पुराला ‘रेल’ म्हणतात. अण्णा भुसावळहून इथं आले तेही रेल्वेनंच, तापीच्या खोऱ्यातून, हिरवी पत्र्याची ट्रंक घेऊन. लहानपणी मला वाटे, आपण आणि पूर एकाच वाटेचे प्रवासी.

ऑगस्ट 1968. मी सहा वर्षांचा. रांदेरच्या घरात पाणी शिरलं तेव्हा अण्णांनी आधी मला माळ्यावर चढवलं, मग ट्रंक. तिच्यात रेशनकार्ड, मायची पोत आणि शेजारच्या गुजराती बांच्या घरचे देव. आमचा माळा उंच, म्हणून बांनी ते आमच्याकडे दिले होते. माय म्हणाली, “आपल्या गावावरून आलेलं पाणी आहे, ओळखेल आपल्याला.” पाण्यानं ओळख दिली नाही. बांनी मात्र पुढं जन्मभर दिली.

1972 मध्ये तापीवरचं उकाईचं धरण पूर्ण झालं आणि शहराची भीती फुटांत मोजली जाऊ लागली. टपरीवर चहा घेताना माणसं विचारत, “उकाई किती?” 345 फूट म्हणजे काठोकाठ.

2006 च्या ऑगस्टमध्ये धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं. त्यातच राखीपौर्णिमेचं उधाण, त्यामुळे समुद्रही पाणी लवकर घेईना. आम्ही ट्रंक उचलून वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात गेलो. एका खोलीत तीन कुटुंबं होती. हेलिकॉप्टरमधून अन्नाची पाकिटं पडत, ती मोजून वाटून घेत होतो. त्या अंधारात शेजारच्या पोरीनं मला राखी म्हणून सुतळी बांधली. ती अजून ट्रंकेत आहे.

मग तापीपासून लांब म्हणून लिंबायतला घर घेतलं. जुलै 2024 मध्ये तिथं खाडी भरून आली. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं आणि पुण्याहून लेकीचा फोन आला, “तिकीट काढलंय, आत्ताच्या आत्ता निघा.” विमानात ट्रंक कशी नेणार? तिच्यातली मायची गोधडी तेवढी पिशवीत घातली. ट्रंक माळ्यावर ठेवली, घराची किल्ली शेजारणीच्या हातात दिली आणि विमानतळ गाठला.

विमान उठलं. खाली मातकट तापी समुद्राला मिळत होती. खिडकीतून पाहताना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण छातीवर दगड होता. आजवरच्या प्रत्येक पुरात आम्ही कुणाचं तरी सामान वर घेतलं होतं, कुणी तरी आम्हाला वर घेतलं होतं. या खेपेला मी एकटाच वर आलो होतो.

पुण्यात उतरताच शेजारणीला फोन लावला. ती म्हणाली, “काका, घर उघडलं. पोरांची पुस्तकं तुमच्या ट्रंकेत ठेवली. चाललं ना?”

मी गोधडी छातीशी धरून तिथंच बाकावर बसलो. गोधडी काढल्यानं ट्रंकेत तेवढी जागा झाली होती.