हाताला रक्त न लागलेला खुनी

अहिंसेचे संस्कार असलेल्या घरात खुनाच्या कादंबऱ्या कशाला हव्यात, असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी मला अनेकदा विचारीत आली आहेत. उत्तरादाखल मी एकच पुस्तक पुढे करते : अगाथा ख्रिस्ती यांची ‘कर्टन’. हर्क्युल पॉयरॉ या बेल्जियन गुप्तहेराच्या प्रदीर्घ मालिकेतील ही अखेरची कादंबरी. तिच्या शेवटाविषयी न बोलता तिच्यावर मत देणे अशक्य आहे. म्हणून खुन्याचे नाव तेवढे झाकून ठेवते. बाकीचा शेवट येथे उघड होईल, ही वाचकांना पूर्वसूचना.

पॉयरॉची पहिली कादंबरी १९२० साली आली. ‘कर्टन’ लेखिकेने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिली आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ कुलूपबंद ठेवली. १९७५ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पॉयरॉच्या मृत्यूचे वृत्त पहिल्या पानावर छापले. पुढच्या जानेवारीत स्वतः लेखिकाही निवर्तल्या.

कथा घडते ती पहिल्या कादंबरीतील ‘स्टाइल्स’ या वाड्यातच. आता तेथे पाहुण्यांसाठी खानावळवजा निवास चालतो. संधिवाताने जर्जर झालेला पॉयरॉ चाकाच्या खुर्चीत बसून आहे. त्याने आपला जुना मित्र हेस्टिंग्ज याला बोलावून घेतले आहे. हेस्टिंग्ज आता विधुर असून त्याची तरुण कन्याही तेथेच आहे. पॉयरॉ पाच जुनी खून-प्रकरणे त्याच्यापुढे ठेवतो आणि सांगतो की, या पाचही प्रकरणांशी संबंध असलेला एक मनुष्य याच छपराखाली राहत आहे.

या मनुष्याने स्वतःच्या हाताने कोणालाही मारलेले नाही. समोरच्याच्या मनातील दुखरी जागा तो हेरतो. सहानुभूतीचा एखादा शब्द, सहज टाकलेला एखादा प्रश्न एवढ्यावर त्याचे काम भागते. खून दुसराच कोणी करतो, शिक्षाही तोच भोगतो. कायद्याला या शब्दसूत्रधाराचे काहीही करता येत नाही. आपल्या आचारविचारात हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे भेद मानले आहेत. त्यांतील ‘कारित’ हिंसेचे इतके नेमके चित्र मला अन्य कोणत्याही रहस्यकथेत आढळले नाही. घराघरांत दोन भावांमध्ये वितुष्ट आणणारा, ‘मी तर काहीच बोललो नाही’ असे म्हणणारा मनुष्य कोणी पाहिलेला नाही?

या माणसाचा प्रभाव किती खोल जातो, हे लेखिका हेस्टिंग्जच्या द्वारे दाखवते. भोळा, सरळमार्गी हेस्टिंग्ज कन्येच्या काळजीने एका पुरुषाला विष देण्याची तयारी करतो. पॉयरॉ त्याला गुंगीचे औषध घातलेले गरम चॉकलेट पाजतो. हेस्टिंग्ज झोपी जातो. सकाळी जाग येते तेव्हा क्रोध ओसरलेला असतो. माझ्या मते हाच या पुस्तकाचा सर्वोच्च प्रसंग होय. एक रात्र सरू दिली आणि एक खून टळला.

आणि म्हणूनच पुढचा प्रसंग मला मान्य होत नाही. आयुष्यभर खुनाचा निषेध करणारा पॉयरॉ अखेरीस त्या सूत्रधाराला स्वतः गोळी घालतो. असा माणूस मोकळा राहिला तर आणखी किती जीव जातील, हा त्याचा युक्तिवाद दुर्बळ नाही. परंतु वध न करताही जीव वाचवता येतो, हे त्यानेच चॉकलेटच्या एका पेल्याने सिद्ध केले होते. लेखिकेनेही त्याला निर्दोष सोडलेले नाही. हृदयविकाराचे औषध तो बुद्ध्या दूर ठेवतो आणि स्वतःचा निवाडा परमेश्वरावर सोपवतो. आपण केले ते योग्य की अयोग्य, याची खात्री त्याच्या अखेरच्या पत्रातही नाही.

दोषही आहेत. निवासातील काही पाहुणे पुसट राहतात. शिवाय १९२० मध्येच सेवानिवृत्त असलेल्या पॉयरॉचे वय हिशेबात कोठेच बसत नाही. तथापि दीर्घ मालिकेचे बळ येथेच प्रत्ययास येते. वस्तू समप्रमाणात मांडण्याचा त्याचा हट्ट आधीच्या पुस्तकांत आपल्याला हसवतो. येथे गोळीची खूण मृताच्या कपाळाच्या बरोबर मध्यावर असते, आणि ते हसू ओठांवरच विरते.

म्हणून माझी विनंती एवढीच की, हे पुस्तक आरंभीच हाती घेऊ नये. प्रथम पॉयरॉच्या निदान तीन-चार कादंबऱ्या वाचाव्यात, त्याच्याशी परिचय वाढवावा आणि नंतर ‘कर्टन’ वाचावी. त्याच्या निर्णयाशी आपण सहमत आहोत की नाही, याची चर्चा मग घरातील तरुण मुलांशी अवश्य करावी.