जलोदराचें पाणी

पोटांतलें पाणी काढलें कीं माणूस जातो, ही समजूत आमच्या घरांत गतवर्षापर्यंत वेदवाक्यासारखी मानली जात असे. तिला पुरावाहि हाताशीं होता. कारण पूर्वीं ज्यांचें पाणी काढलें, त्यांचें तें बहुधा रोग हाताबाहेर गेल्यावरच. सुई बदनाम झाली, उशीर मात्र निर्दोष सुटला.

आमच्या तात्याकाकांना यकृताचा सिरोसिस जडलेला. उभ्या आयुष्यांत त्यांनीं सुपारीचें खांडहि तोंडांत टाकलें नाहीं, मग मद्याची गोष्ट दूरच. परंतु हा रोग मद्यप्यांनाच होतो असें लोक गृहीत धरतात, म्हणून घरांतील मंडळी त्याचें नांव चारचौघांत काढीत नसत. वास्तविक ‘बी’ व ‘सी’ जातींच्या काविळीनें, किंवा मधुमेह व स्थूलता यांबरोबर यकृतांत सांठणाऱ्या मेदानेंहि तो होतो. पुढें पोटांत पाणी सांठतें, तेंच आपलें जलोदर.

एके दिवशीं तात्याकाका रात्रभर जागे व दिवसभर पेंगुळलेले दिसूं लागले. संध्येचे मंत्र चुकूं लागले. ताप नव्हता, पोटहि दुखत नव्हतें. काकू म्हणाल्या, “वय झालं, चालायचंच.” धाकट्या सूनबाईंना मात्र तें पटेना. त्यांनीं हट्टानें त्याच संध्याकाळीं त्यांना इस्पितळांत हलविलें.

डॉक्टरांनीं पोटांतील थोडें पाणी तपासणीसाठीं काढूं म्हणतांच मंडळींत खळबळ उडाली. तेव्हां आमच्या तीर्थरूपांनीं सुश्रुतसंहितेचा दाखला दिला : नाभीच्या खालीं, डाव्या बाजूस चार अंगुळें सोडून, व्रीहिमुख शस्त्रानें वेध करावा, मात्र सगळें पाणी एकाच दिवशीं काढूं नये. काकूंचा विरोध मावळला.

पाण्याच्या एका घनमिलिमीटरांत विशिष्ट पांढऱ्या पेशी २५० किंवा अधिक असल्या, कीं संसर्ग झाला असें समजतात. तात्याकाकांच्या पाण्यांत त्या याहून पुष्कळच अधिक निघाल्या. आंतड्याला छिद्र नसतांहि आंतील जंतु रक्तावाटे या पाण्यांत उतरतात. म्हणून अमेरिकेंतील हॅरल्ड कॉन यांनीं १९६४ सालीं या विकाराचें वर्णन ‘आपोआप होणारा’ उदरावरणदाह असें केलें. सेफोटॅक्सिम हें औषध लगेच सुरू झालें. त्याबरोबर शिरेंतून अल्ब्युमिनहि दिलें. स्पेनमधील १९९९ च्या एका प्रयोगांत नुसत्या औषधानें शेंकडा २९ रुग्ण इस्पितळांतच दगावले, तर अल्ब्युमिनची जोड दिलेल्यांत शेंकडा १०.

तरीहि उतार पडेना. सामान्यतः असे जंतु ई. कोलाय अथवा क्लेब्सिएला जातीचे असतात. परंतु खाटेजवळच बाटलींत भरून ठेवलेल्या पाण्यांत तिसऱ्या दिवशीं उगवला तो लिस्टेरिया : क्वचितच आढळणारा, शीतकपाटाच्या थंडीतहि वाढणारा, निरशा दुधांतून वा न धुतलेल्या कच्च्या भाजींतून शरीरांत शिरूं शकणारा. सेफोटॅक्सिमची मात्रा त्याच्यावर चालत नाहीं, ॲम्पिसिलिनची चालते. औषध बदललें, आणि चार दिवसांनीं तात्याकाकांनीं काकूंना नांवानें हांक मारली.

त्यांचें यकृत कांहीं बरें झालेलें नाहीं. हा संसर्ग पुन्हां उलटूं शकतो, हेंहि आम्हांस ठाऊक आहे. परंतु पाणी तपासलें नसतें, तर आम्हीं वार्धक्याला दोष देऊन तेरावा दिवस उरकला असता.

ज्या घरीं असा रुग्ण आहे, त्या घरच्या मंडळींस एवढीच विनंती : त्यांचें दूध उकळून द्या, शिळें अन्न देऊं नका, आणि त्यांच्या बोलण्यांत किंवा झोंपेंत फरक दिसला तर तापाची वाट न पाहतां डॉक्टरांकडे न्या. सुईची भीति बाळगूं नका; भीति बाळगायची ती उशिराची.